चिलेटेड झिंक: पाकीट फोडण्याआधी आणि फोडल्यावर

मका गुडघ्याएवढा झाला आहे, युरिया दिला आहे, पाणी वेळेवर आहे, तरी पोंग्यातून निघणारी पाने पांढुरकी पडतात. कृषी सेवा केंद्रात मोबाईलवरचा फोटो दाखवला की काउंटरवर चिलेटेड झिंकचे पाकीट येते. पुष्कळदा ते बरोबरच असते. पण किती ग्रॅम, कशात मिसळून, कोणत्या दिवशी मारायचे आणि कोणते काम ते करूच शकत नाही, हे त्या घाईत कोणी सांगत नाही. पहिल्यांदाच हे खत हाताळणाऱ्यांसाठी हा सगळा क्रम इथे लावून दिला आहे.

एक गोष्ट आधीच मनात पक्की करा, पुढचे सगळे तिच्यावर उभे आहे. चिलेटेड झिंक, म्हणजे सेंद्रिय रेणूने धरून ठेवलेले आणि पाण्यात विरघळलेलेच राहणारे झिंक, पिकाची उपासमार लवकर थांबवते, पण जमिनीतली तूट भरून काढत नाही. ही दोन वेगळी कामे आहेत आणि त्यांना दोन वेगळी खते लागतात.

लागणारे साहित्य आणि कागद

मातीच्या तपासणीसाठी गट क्रमांक (सातबाऱ्यावरून), गाव, आधीचे आणि पुढचे पीक, बागायत की जिरायत याची चिठ्ठी, स्वच्छ कापडी पिशवी, प्लास्टिकची बादली किंवा घमेले आणि लाकडी किंवा बांबूची पट्टी. फवारणीसाठी ग्रॅममध्ये मोजणारा छोटा डिजिटल काटा, २०० लिटरचा ड्रम, प्लास्टिकची बादली, गाळायला कापड, स्टिकर (द्रावण पानाला चिकटवणारे), हातमोजे, मास्क. काट्याची टाळाटाळ करू नका. चमचा आणि काडेपेटीच्या मापाने जेवढी पाने करपतात, तेवढी खराब मालानेही करपत नसतील.

१. कमतरता झिंकचीच आहे ना, ते आधी बघा

झिंक म्हणजे जस्त. झाडात ते जुन्या पानातून नव्या पानाकडे सहज जात नाही, त्यामुळे उपासमारीची खूण नव्या आणि मधल्या पानांवर दिसते. पाने लहान राहतात, पेरे आखूड पडतात, शेंड्याला पानांचा झुबका होतो, शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा पडतो.

मक्यात पानाच्या बुडाकडच्या अर्ध्या भागात मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंनी फिकट पांढरा पट्टा पडतो; मधली शीर, कडा आणि टोक हिरवे राहतात. भातात पुनर्लागणीनंतर दोन-तीन आठवड्यांनी पानांवर गंजासारखे तपकिरी ठिपके येतात आणि शेतात ठिकठिकाणी बुटक्या रोपांचे ठिगळ दिसते. हाच खैरा. तो रोग नसून झिंकची कमतरता आहे, हे पंतनगरच्या कृषी विद्यापीठात डॉ. य. ल. नेने यांनी १९६६ मध्ये दाखवून दिले. संत्रा-मोसंबीत पाने अरुंद, उभी आणि ठिपक्यांची होतात. द्राक्षात एकाच घडात मोठे आणि बारीक मणी एकत्र दिसतात.

आता फसवणाऱ्या खुणा. इथे घाई केली की पुढचा सगळा खर्च वाया जातो, म्हणून हा भाग सावकाश वाचा.

लोहाच्या कमतरतेत अगदी शेंड्याचे कोवळे पान पूर्ण पिवळे, पुढे जवळजवळ पांढरे पडते आणि बारीक शिरांची जाळी तेवढी हिरवी राहते. पानाचा आकार मात्र फारसा घटत नाही. झिंकमध्ये पान लहान होते आणि पेर आखूडते. चुनखडीच्या जमिनीत दोन्ही कमतरता एकत्रही असतात. मॅग्नेशियमची खूण खालच्या, जुन्या पानांवर येते; तिथे झिंक मारून उपयोग नाही.

संत्र्यात सर्वांत धोकादायक गोंधळ ग्रीनिंग रोगाशी होतो. झिंकच्या कमतरतेत पिवळेपणा मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना सारखा असतो. ग्रीनिंगमध्ये डाग वेडेवाकडे, एका बाजूला एक आणि दुसऱ्या बाजूला वेगळे असे असतात, आणि बऱ्याचदा झाडाची एखादीच फांदी आधी पिवळी पडते. ग्रीनिंग झालेल्या झाडावर झिंकची लक्षणेही उमटतात, त्यामुळे फवारण्या होत राहतात आणि सायला कीड रोग पुढच्या झाडावर नेत राहते. शंका आली तर फवारणी थांबवा आणि झाड तज्ज्ञाला दाखवा.

वांग्याचा पर्णगुच्छ हा तुडतुड्यांमुळे पसरणारा रोग आहे. बारीक पानांचा झुबका बघून त्यावर झिंक मारू नका. झाड उपटून नष्ट करायचे असते. कपाशीची पाने भेंडीसारखी अरुंद, लांबट होऊन शिरा जवळ आल्या असतील, तर शेजारच्या रानात मारलेले २,४-डी तणनाशक उडून आले आहे का, हे आधी विचारा.

शेतातली जागाही साक्ष देते. सपाटीकरणात वरची माती खरवडून गेलेला उंचवटा, बांधालगतची चुनखडी उघडी पडलेली पट्टी, पाणी साचणारी खोलगट जागा, इथे खुणा आधी दिसतात. थंडीत पेरलेल्या मक्याला किंवा गव्हाला सुरुवातीचे काही दिवस मुळे सुस्त असल्याने तात्पुरती कमतरता दिसते आणि ऊन वाढले की ती आपोआप कमी होते.

२. मातीचा नमुना: इथे जस्ताचा पत्रा शेताबाहेर ठेवा

साध्या माती परीक्षणात चालून जाणारी हयगय झिंकच्या तपासणीत चालत नाही. प्रयोगशाळा दहा लाख भागांत अर्धा भाग, एवढे झिंक मोजते. तुमचे घमेले जस्ताचा मुलामा दिलेले असेल, तर मातीत त्या घमेल्याचेच झिंक येते आणि अहवालात जमीन श्रीमंत दिसते. रबरातही झिंक ऑक्साइड असते, म्हणून रबरी घमेलेही नको. खताची रिकामी पिशवी तर अजिबात नको.

पीक काढल्यावर, पुढचे खत टाकण्याआधी नमुना घ्या. एकरात नागमोडी फिरत ८-१० जागी इंग्रजी व्ही अक्षरासारखा २० ते २२ सेंटिमीटर खोल खड्डा करा. खड्डा फावड्याने करायला हरकत नाही, पण फावडे लागलेली माती लाकडी पट्टीने खरवडून टाका आणि मग त्याच पट्टीने वरपासून खालपर्यंत एकसारखा काप काढा. सगळी माती प्लास्टिकच्या बादलीत मिसळा, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकून द्या आणि अर्धा किलो उरेपर्यंत हे करत राहा. सावलीत वाळवा. झाडाखालची, बांधाजवळची, शेणखताच्या ढिगाखालची जागा टाळा. पिवळे ठिगळ आणि हिरवे रान यांचे नमुने वेगळे घ्या. दोन्हींची तुलना एकट्या आकड्यापेक्षा जास्त सांगते.

कृषी विज्ञान केंद्रात, कृषी विद्यापीठाच्या किंवा जिल्ह्याच्या मृद चाचणी प्रयोगशाळेत नमुना देताना “सूक्ष्म अन्नद्रव्यांसह” हे शब्द तोंडी आणि चिठ्ठीवर दोन्हीकडे सांगा. नुसते “माती तपासा” म्हटले तर कित्येक ठिकाणी सामू (पीएच), क्षारता, सेंद्रिय कर्ब आणि नत्र-स्फुरद-पालाश एवढेच मिळते. मृदा आरोग्य पत्रिकेत १२ घटक असतात आणि झिंक त्यांपैकी एक आहे. पण पत्रिकेतला नमुना तुमच्याच गटातून घेतला होता का, हे बघून घ्या.

द्राक्षबागेत मातीबरोबर देठ परीक्षणही करा. माती जे देऊ शकते, ते वेलीने घेतले की नाही, हे देठच सांगतो.

३. अहवालातले चार आकडे एकत्र वाचा

झिंकच्या ओळीपुढे पीपीएम (दहा लाख भागांत किती भाग) किंवा मिलिग्रॅम प्रतिकिलो असा आकडा असतो. ०.६ च्या खाली असेल तर जमीन कमतरतेची मानतात. ०.६ ते १.२ च्या दरम्यान असेल तर पीक आणि खुणा बघून ठरवा. त्याच्या वर असूनही पाने पिवळी असतील, तर कारण बहुधा दुसरे आहे: पाणी साचणे, मुळांचा आजार, सूत्रकृमी किंवा वरच्यासारखी चुकीची ओळख.

दुसरा आकडा सामूचा. सामू एक अंकाने वाढला की मातीच्या पाण्यात विरघळलेले मोकळे झिंक जवळपास शंभर पटीने घटते. सामू ७ वरून ८ वर गेला, एवढ्यानेच हा फरक पडतो. राज्यातल्या काळ्या जमिनींचा सामू बहुतेक ठिकाणी ७.५ ते ८.५ असतो. म्हणजे झिंक जमिनीत असते, पण मुळाच्या ताटात येत नाही.

तिसरा आकडा चुनखडीचा. ती १० टक्क्यांच्या पुढे असेल तर जमिनीत टाकलेले झिंक लवकर अडकणार, हे धरून चाला.

चौथा आकडा स्फुरदाचा, आणि याच्याकडे कोणी बघत नाही. वर्षानुवर्षे डीएपी, वरून ठिबकातून १२:६१:०० हे स्फुरदाचे विद्राव्य खत असे चालू असेल, तर अहवालात स्फुरद “भरपूर” दिसतो. जादा स्फुरद झिंकची कमतरता निर्माण करतो. अशा रानात झिंकचा खर्च वाढवण्याआधी स्फुरदाचा डोस कमी करा. पैसेही वाचतात आणि मूळ कारणही हटते.

४. चिलेट की सल्फेट: हिशेब मांडून ठरवा

चिलेट हा शब्द खेकड्याच्या नांगीसाठी असलेल्या ग्रीक शब्दावरून आला. ईडीटीए नावाचा सेंद्रिय रेणू झिंकच्या कणाला चारही बाजूंनी नांगीसारखा धरतो. त्यामुळे पाण्यातला कार्बोनेट, खतातला स्फुरद यांचा झिंकला हात लागत नाही आणि ते विरघळलेलेच राहते. त्या पकडीचीच किंमत तुम्ही मोजता.

आता आकडे. आपल्याकडच्या खत नियंत्रण आदेशानुसार झिंक ईडीटीएमध्ये किमान १२% झिंक असते. झिंक सल्फेट दोन प्रकारचे मिळते: हेप्टाहायड्रेट २१% आणि मोनोहायड्रेट ३३%.

एकरी १५० ग्रॅम चिलेट २०० लिटर पाण्यातून फवारले, तर शेतात १८ ग्रॅम झिंक गेले. दोन फवारण्यांत ३६ ग्रॅम. मक्याच्या एका किलो दाण्यात साधारण २० मिलिग्रॅम झिंक असते. एकरी २५ क्विंटल मका निघाला तर नुसत्या दाण्यातून ५० ग्रॅम झिंक शेताबाहेर जाते, धाटे वेगळी. म्हणजे दोन्ही फवारण्यांतला कण न् कण पिकाने घेतला तरी जमा-खर्च जुळत नाही. उलट एकरी १० किलो झिंक सल्फेट हेप्टाहायड्रेट जमिनीत दिले तर २,१०० ग्रॅम झिंक जाते. त्यातले बरेचसे अडकते, पण उरलेले हळूहळू दोन-तीन वर्षे पिकांना पुरत राहते.

म्हणून आमचे स्पष्ट मत असे की पेरणीआधी अहवाल हातात असेल आणि झिंक कमी असेल, तर पहिला पैसा जमिनीतल्या झिंक सल्फेटवर खर्च करा. चिलेट घ्यायचे ते उभ्या पिकात खुणा दिसल्यावर, ठिबकातून द्यायचे असेल तेव्हा, स्फुरदयुक्त विद्राव्य खतांबरोबर एकाच टाकीत जायचे असेल तेव्हा, किंवा द्राक्षासारख्या पिकात घडावर चुन्याचा डाग नको असेल तेव्हा. नुसत्या फवारणीसाठी ०.५% झिंक सल्फेट आणि चुना हा जुना उपायही चांगले काम करतो. चिलेट महाग आहे म्हणून ते जास्त ताकदीचे, असे समजू नका. त्याचा फायदा सोयीचा, मिसळण्याचा आणि पान कमी करपण्याचा आहे.

दोन पाकिटांच्या किमतीची तुलना करायची असेल तर किलोचा भाव बघू नका. किमतीला त्यातल्या झिंकच्या ग्रॅमने भागा. चिलेटच्या एका किलोत १२० ग्रॅम झिंक, हेप्टाच्या एका किलोत २१० ग्रॅम.

५. खरेदी

पाकिटावर “झिंक ईडीटीए १२%” असे स्पष्ट असावे. नुसते “चिलेटेड झिंक पॉवर”, “सुपर झिंक” असे नाव आणि टक्केवारी बारीक किंवा गायब असेल तर ठेवून द्या. अमिनो, ग्लायसिनेट, लिग्नो अशा नावांचे प्रकारही असतात. त्यांची टक्केवारी आणि मात्रा वेगळी असते, त्यांना या लेखातले डोस लावू नका. राज्याच्या मिश्र सूक्ष्म अन्नद्रव्यांच्या ग्रेड १ मध्ये (जमिनीतून) झिंक ५% आणि ग्रेड २ मध्ये (फवारणीसाठी) ३% असते. ग्रेड २ ची फवारणी चालू असेल तर तो हिशेब धरून मगच वेगळे झिंक जोडा.

लॉट क्रमांक, उत्पादन तारीख, उत्पादकाचा पत्ता बघा. पक्की पावती घ्या आणि तिच्यावर लॉट क्रमांक लिहून घ्या. पुढे तक्रार करायची वेळ आली तर पावती आणि रिकामे पाकीट याशिवाय काही हातात नसते. “युरिया पाहिजे तर हे झिंक घ्यावंच लागेल” असे कोणी म्हणत असेल तर ते लिंकिंग आहे आणि त्याला कायद्याने परवानगी नाही. तालुका कृषी अधिकारी कार्यालयात किंवा पंचायत समितीच्या कृषी विभागात लेखी तक्रार द्या.

६. घरी करता येणारी तपासणी

दोन काचेचे ग्लास, आरओचे किंवा डिस्टिल्ड पाणी आणि धुण्याचा सोडा घ्या. बोअरचे पाणी घेऊ नका, त्यातल्या चुन्यानेच सोडा गढूळ होतो आणि चांगल्या मालावर आळ येतो.

पहिल्या ग्लासात १०० मिली पाण्यात २ ग्रॅम चिलेट ढवळा. काही मिनिटांत पूर्ण विरघळून पाणी स्वच्छ झाले पाहिजे. तळाला गाळ नको. दुसऱ्या ग्लासात चमचाभर सोडा विरघळवा आणि तो थोडा थोडा पहिल्यात घाला. खरे झिंक ईडीटीए असेल तर पाणी स्वच्छ राहते. लगेच पांढरा साका धरला तर आत मोकळे झिंक सल्फेट किंवा मॅग्नेशियम सल्फेट आहे. चिलेटच्या भावात साधे सल्फेट घेतले असे समजा. डीएपी पाण्यात विरघळवून घट्ट कापडातून गाळलेले पाणी सोड्याऐवजी वापरूनही हेच बघता येते.

या तपासणीची मर्यादा लक्षात ठेवा. साका आला तर माल खोटा, हे नक्की. साका आला नाही म्हणजे माल खरा, असे मात्र नाही, कारण साखर घातली तरी पाणी स्वच्छच राहील. बारा टक्के आहे की चार, हे प्रयोगशाळाच सांगू शकते.

७. फवारणीचे द्रावण

मात्रा लिटरला ०.५ ते १ ग्रॅम. कोवळे पीक, भाजीपाला, द्राक्ष यांना ०.५ ग्रॅम, मका, ऊस, संत्रा यांच्या पक्व पानांना १ ग्रॅमपर्यंत. पाकिटावर याहून कमी मात्रा लिहिली असेल तर तीच पाळा.

१५ लिटरच्या पंपाला म्हणजे ७.५ ते १५ ग्रॅम. “पंपाला ५० ग्रॅम टाका” हा सल्ला सर्रास ऐकू येतो. ते लिटरला ३ ग्रॅमच्या वर होते आणि कोवळ्या पानांच्या कडा करपतात. २०० लिटरच्या ड्रमला १०० ते २०० ग्रॅम.

क्रम असा ठेवा. ड्रम अर्धा भरा. चिलेट बादलीत ४-५ लिटर पाण्यात वेगळे विरघळवा, गाळून ड्रममध्ये ओता, ढवळा. युरिया द्यायचा असेल तर तो नंतर, लिटरला १० ग्रॅमपर्यंत. मग ड्रम पूर्ण भरा आणि शेवटी स्टिकर लिटरला अर्धा मिली. स्टिकर आधी टाकला तर फेस होतो आणि मोजमाप चुकते.

फवारणी सकाळी दव उडाल्यावर दहाच्या आत किंवा दुपारी चारनंतर करा. पाने माना टाकून असतील, रानात ओल नसेल तर आधी पाणी द्या. पुढचे पाच-सहा तास पाऊस नको. पानाच्या दोन्ही बाजू ओल्या व्हाव्यात, पण थेंब गळेपर्यंत मारू नका. पहिल्या फवारणीनंतर १०-१५ दिवसांनी दुसरी.

ड्रोनने मारायचे असेल तर जास्त जपा. एकरी १० लिटर पाण्यात १५० ग्रॅम म्हणजे लिटरला १५ ग्रॅम. हातपंपाच्या वीसपट घट्ट द्रावण! पूर्ण रानाआधी एका पट्ट्यावर कमी मात्रेने मारून तीन दिवस पाने बघा.

सल्फेट वापरणार असाल तर २०० लिटरला १ किलो झिंक सल्फेट (हेप्टा) आणि ५०० ग्रॅम चुना. चुना रात्रीच भिजवून ठेवा आणि सकाळी वरची निवळी गाळून घाला. चुना नसेल तर द्रावण आम्लधर्मी राहते आणि पाने भाजतात.

८. कशात मिसळू नये, आणि का

चिलेटची पकड मजबूत असली तरी अभेद्य नाही. झिंकपेक्षा तांबे आणि लोह यांना ईडीटीए जास्त घट्ट धरतो. त्यामुळे मोरचूद, कॉपर ऑक्सिक्लोराइड किंवा फेरस सल्फेट त्याच टाकीत गेले, तर नांगी झिंक सोडून तांबे-लोह पकडते आणि चिलेटचे पैसे वाया जातात. बोर्डो मिश्रणात तांबेही आहे आणि चुनाही, म्हणजे दोन्ही बाजूंनी वाईट. बोर्डो आणि झिंक यांत आठवड्याचे अंतर ठेवा.

फॉस्फोरिक आम्ल किंवा नायट्रिक आम्लाच्या टाकीत चिलेट टाकू नका. द्रावण फार आंबट झाले की पकड सुटते आणि तळाला पांढरी भुकटी बसते.

१९:१९:१९, १२:६१:००, ००:५२:३४ यांच्याबरोबर खरे चिलेट चालते. झिंक सल्फेट चालत नाही. त्याचा स्फुरदाशी साका होतो आणि नोझल बंद पडतात. कडक पाण्याचा चिलेटवर फारसा परिणाम होत नाही, सल्फेटवर होतो. कीडनाशकाबरोबर मिसळायचे असेल तर आधी बरणीत त्याच प्रमाणात एक लिटर करून अर्धा तास ठेवा. साका, दही झाल्यासारखे कण, तेलाचा थर, काहीही दिसले तर मिसळू नका.

९. ठिबकातून

एकरी ५०० ग्रॅम, गरज जास्त असेल तर १०-१५ दिवसांनी पुन्हा तेवढेच. आधी साध्या पाण्याने रान ओले करा, मधल्या वेळेत व्हेंचुरीतून (ठिबकात खत ओढून घेणारे साधन) किंवा टाकीतून द्रावण सोडा, शेवटी पुन्हा साधे पाणी देऊन नळ्या धुवा. शेवटचे पाणी फार लांबवू नका. चिलेट पाण्याबरोबर चांगले सरकते, हाच त्याचा गुण. पण जास्त पाण्याने ते मुळांच्या खाली निघून जाते.

सामू ८ च्या पुढे आणि चुनखडी भरपूर असेल तर मातीतला कॅल्शियम हळूहळू झिंकची जागा घेतो. त्यामुळे मोठा एक डोस देण्यापेक्षा छोटे दोन-तीन डोस द्या.

१०. पीक आणि वेळ

मका: पेरणीनंतर २०-२५ दिवस, गरज पडल्यास ३५-४० दिवस. पोंगा पांढरा पडून पंधरवडा उलटल्यावर मारले तर पान हिरवे होते, पण गेलेली वाढ परत येत नाही.

भात: भंडारा-गोंदियाच्या पट्ट्यात पुनर्लागणीनंतर ठिगळ दिसले की लगेच. शक्य असेल तर बांधीतले पाणी दोन-तीन दिवस काढून टाका. सतत तुंबलेल्या पाण्यात झिंक अडकते, नुसता निचरा झाल्यानेही रोपे सुधारतात.

संत्रा-मोसंबी: तारखेपेक्षा नवतीकडे (नव्या पालवीकडे) बघा. नवी पाने पूर्ण आकाराच्या दोन-तृतीयांश झाली की फवारा. आंबिया आणि मृग दोन्ही बहारांच्या नवतीला हेच लागू. पाने जून झाल्यावर त्यांची साल जाड होते आणि द्रावण आत कमी जाते.

द्राक्ष: फळछाटणीनंतर फुलोऱ्याआधी. मणी विषम झाल्यावर मारलेले झिंक त्या हंगामाला कामाचे नाही.

ऊस: खोडव्यात आणि चुनखडीच्या रानात दोन-अडीच महिन्यांच्या आत. कपाशी-सोयाबीन: फुले लागण्याआधी एक, गरज असेल तर नंतर एक.

११. उपयोग झाला का, ते मोजा

फवारताना दोन ओळी कोऱ्या सोडा आणि खुंटी ठोका. त्या दोन ओळींशिवाय तुम्हाला कधीच कळणार नाही की पीक झिंकने हिरवे झाले की मधल्या पावसाने. १०-१५ दिवसांनी नवीन आलेली पाने बघा. जुनी पाने पूर्ण हिरवी होण्याची वाट बघू नका. दोन फवारण्यांनंतरही फवारलेल्या आणि कोऱ्या ओळींत फरक नसेल तर तिसरी मारू नका. ओळख चुकली आहे, पहिल्या पायरीवर परत जा.

१२. पुढच्या पेरणीआधी जमिनीचा डोस

फवारणीने हंगाम निभावला. आता जमिनीचे बघा. एकरी ८ ते १० किलो झिंक सल्फेट हेप्टाहायड्रेट (किंवा ५ ते ६ किलो मोनो) दहापट चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळा, पाणी शिंपडून ओलसर करा, सावलीत ढीग करून गोणपाट झाका आणि ५ ते ७ दिवस मुरू द्या. मधे एकदा खालीवर करा. शेणखतातली सेंद्रिय आम्ले झिंकला नैसर्गिक चिलेटसारखी धरतात, म्हणजे पाकिटाचे थोडे काम ढीगच करतो. हे खत सरीत किंवा शेवटच्या वखरणीआधी द्या. डीएपी किंवा सुपर फॉस्फेटबरोबर एकाच पाभरीतून देऊ नका.

दरवर्षी हा डोस लागत नाही. दोन-तीन वर्षांनी पुन्हा माती तपासा आणि आकडा ०.६ च्या वर चढला असेल आणि पिकात खुणा नसतील तर थांबा. झिंक जमिनीत साठत जाते, आणि ते जास्त झाले की लोहाची कमतरता दिसू लागते. मग पिवळी पाने बघून पुन्हा झिंकच मारले जाते.

उरलेले चिलेट हवाबंद डब्यात, लॉट क्रमांकाच्या तुकड्यासह, मुलांच्या आणि जनावरांच्या हाताबाहेर ठेवा. पाकीट उघडे राहिले तर ते ओल ओढून दगड होते. असा गोळा पूर्ण विरघळत असेल तर वापरता येतो, पण फोडून पुन्हा काट्यावर मोजूनच.